पंखा बंद, फ्रीज बंद

भदाणे बापूंना "कसे आहात?" असं विचारायचं नाही, हा आमच्या शाळेच्या स्टाफरूमचा अलिखित नियम होता. एखादा नवा शिक्षक सवयीनं विचारून बसायचा आणि त्याचा मोकळा तास कामी यायचा. "तसा बरा आहे," बापू सुरुवात करायचे, "पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर पळते, हे लक्षात घ्या. म्हणजे तुम्ही 'कसे आहात' म्हणेपर्यंत आपण धुळ्याहून पारोळा ओलांडला आणि मी 'बरा आहे' म्हणेपर्यंत जळगाव आलं. एसटीला किती लागतात? दोन तास!" मग एसटी, मग घर्षण, मग टायरमधली हवा. घंटा झाल्याशिवाय सुटका नाही.

ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. बावीस वर्षं एका शाळेत आणि त्यातली सोळा वर्षं धुळ्याच्या देवपुरात एकाच कॉलनीत, मध्ये दोन घरं सोडून. त्यामुळे बापू मला शाळेतही चुकायचे नाहीत आणि घरीही नाहीत.

त्यांच्यावर लिहा असं मला कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या बायकोचा, आमच्या सिंधूवहिनींचा, आवाज जाणार हे आम्हाला कितीतरी महिने आधी कळलेलं होतं. आणि बापूंच्या घरात तेव्हा चार माइक होते, दोन मिक्सर होते, कपाट भरून वायरी होत्या, कॉम्प्युटरमध्ये आवाजाची म्हणून जेवढी सॉफ्टवेअर्स फुकट मिळतात तेवढी सगळी होती. तरीही तो आवाज आज कुठेही नाही. याचा मला अजून राग येतो. तो कुणावर काढायचा ते ठरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बापूंच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर असायचा आणि गळ्यात दोरीला पेनड्राइव्ह. अंगानं काटकुळे, चालताना नेहमी घाईत, आणि कुठेही स्पीकर दिसला की त्याला कान लावून उभे. लग्नाच्या मांडवात नवरानवरीला अक्षता टाकायच्या आधी ते साउंडवाल्याकडे जाऊन यायचे. परत येऊन शेजारच्याला सांगायचे, "मिक्सर चांगला आहे, पण वायरी हलक्या." माणसाची पारख ते वायरीवरून करायचे. वायर कोपराभोवती गुंडाळणारा माणूस त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. "तिला पीळ बसतो, मॅडम. आतून तुटते, वरून कळत नाही. वायर गुंडाळायची नसते, निजवायची असते." आणि खरोखरच ते वायर अशी निजवायचे की त्यांच्या पोरीला, वर्षाला, लहानपणी एवढ्या मायेनं झोपवलं असेल की नाही याची मला शंका आहे.

एवढं सगळं असून त्यांना वाजवता काहीच यायचं नाही. कीबोर्ड होता, जुना पण जपानी. त्यावर ते एक सूर दाबून ठेवायचे आणि म्हणायचे, "ऐका, किती स्वच्छ आहे." पुढे काही वाजेल म्हणून आपण थांबावं, तर पुढे काही नसायचं.

विज्ञानातल्या गमती सांगण्याचा सोस त्यांना एकदा भलताच महागात पडणार होता. नववीच्या वर्गात त्यांनी सांगून टाकलं की केळ्यात किंचित किरणोत्सर्ग असतो. खरंच असतो म्हणे, पोटॅशियममुळे, आणि तो अगदी निरुपद्रवी. पण पोरांनी घरी जाऊन अर्धंच सांगितलं. त्यातल्या एका मुलीचे मामा चोपड्याकडचे, चाळीस एकर केळीचे धनी. तिसऱ्या दिवशी ते जीप घेऊन शाळेत हजर. "कोन शे तो मास्तर? आमनी केळीमा बाम्ब शे म्हनस का?" मुख्याध्यापक हात जोडून उभे. बापू मात्र मामांना हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेले आणि पाऊण तासानं दोघं बाहेर आले ते हसत. मामांनी जाताना दोन घड शाळेला दिले. "समजावून सांगितलं की माणूस ऐकतो," बापू म्हणाले. समजावून सांगण्यावर त्यांचा फार विश्वास होता. ऐकण्याचं खातं वहिनींकडे होतं.

आमच्या स्नेहसंमेलनाचा साउंड दरवर्षी बापूंकडेच. एका वर्षी स्पीकरमधून बारीक गुणगुण यायला लागली. कुणाच्या लक्षातही आली नसती. बापूंच्या आली. "ही विजेची गुणगुण आहे, पन्नास हर्ट्झची. अर्थिंग कुठेतरी खराब आहे. दोन मिनिटं द्या." त्यांनी सगळं बंद केलं आणि स्टेजखाली शिरले. प्रमुख पाहुण्यांनी वाट पाहून माइकशिवायच भाषण उरकलं, पुढच्या दोन रांगांपुरतं. नाटुकलं झालं, ते मुक्यांचं वाटलं. गाणाऱ्या मुली बेंबीच्या देठापासून ओरडल्या आणि एकीला रडू फुटलं. शेवटी आभाराला मी उभी राहिले तेव्हा बापू धुळीनं माखून बाहेर आले, बटण दाबलं, आणि माझा आवाज असा लख्ख आला की मीच दचकले. गुणगुण औषधालाही नव्हती. संमेलनातलं आभारप्रदर्शन तेवढं सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं. मी घरी जाताना त्यांना फाडफाड बोलले. ते म्हणाले, "पण मॅडम, आवाज कसा होता?"

आम्ही ती गोष्ट पुढे वर्षानुवर्षं चवीनं सांगितली. हसण्यासारखीच होती तेव्हा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलनीला हाताशी धरलं. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यावर मोबाइलचा दवाखाना भरायचा. कॉलनीतल्या बायका, निवृत्त मंडळी, सगळी फोन घेऊन रांगेत. बापू कुणाला फोटोतून मजकूर काढून देणारं काहीतरी टाकून द्यायचे, कुणाला अक्षर मोठं करून द्यायचे. "फुकट आहे आणि चांगलं आहे," ते म्हणायचे, "या दोन गोष्टी एकत्र फार कमी मिळतात." आणि प्रत्येकाचा फोन ते साफ करून द्यायचे. सुप्रभातची फुलं, वाढदिवसाचे केक, जुने निरोप, बोललेले, लिहिलेले, सगळे पुसून टाकायचे. पुढे तर महिन्याच्या महिन्याला आपोआप पुसलं जाईल अशी सोयच त्यांनी सगळ्यांच्या फोनमध्ये करून दिली. माझ्याही. फोन पळायला लागला की माणसं खूश व्हायची आणि वहिनी आतून चहा घेऊन यायच्या.

सिंधूवहिनींचा आवाज. आता तो शब्दांत पकडायचा म्हणजे माझीच परीक्षा आहे. गोड नव्हता, हे आधी सांगते. रुंद होता, किंचित फाटलेला, आणि शिंदखेड्याकडच्या मोकळ्या रानात वाढलेला. त्यांना दोन घरं पलीकडे मला काही सांगायचं असलं तर त्या फोन करायच्या नाहीत, गच्चीवरून हाक मारायच्या. "ओ मॅडम! कळण्यानी भाकर शे, येतस का?" कॉलनीतल्या सगळ्यांना कळायचं की आज बापूंकडे कळण्याची भाकरी आहे. बापूंनी एकदा मोबाइलवर मोजून सांगितलं होतं, चौऱ्याऐंशी डेसिबल. "मिक्सरच्या भांड्याएवढा आवाज आहे हिचा," ते कौतुकानं म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मिक्सर तरी बंद व्हस!" आणि स्वतःच एवढ्या हसल्या की बापूंनी तेही मोजलं.

बापू जगाशी प्रमाण मराठीत बोलायचे आणि वहिनींशी अहिराणीत. तेवढ्यापुरताच काय तो त्यांच्यातला माणूस मोकळा वाटायचा.

दोन वर्षांपूर्वी, संक्रांत होऊन गेली असेल, वहिनींची जीभ अडखळायला लागली. आधी दात, मग बीपीची गोळी, यांच्यावर आळ घेऊन झाला. पाणी पिताना ठसका लागायला लागला तेव्हा वर्षानं त्यांना जळगावला बोलावून घेतलं. ती तिथेच दिलेली. तिनं डॉक्टर गाठला, तपासण्या केल्या. आजाराचं नाव लांबलचक होतं आणि त्यावर औषध नव्हतं. नसा स्नायूंना सांगायचं थांबवतात. बोलणं आधी जाईल, सहा महिन्यांत, फार तर आठ. मग गिळणं. पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बापूंनी विचारलं नाही.

ते परत आले त्या दिवशी बापू माझ्या फाटकाशी उभे होते. "मॅडम, एक गंमत सांगू?" हे त्यांचं नेहमीचं. मी म्हटलं, सांगा. म्हणाले, "माणसाच्या जिभेत आठ स्नायू असतात." मी वाट पाहत राहिले. मग ते वळून घरी गेले.

चार दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा डोळ्यांत जुनी चमक होती. एक सॉफ्टवेअर सापडलं होतं. माणसानं तीनशे वाक्यं वाचून द्यायची, की ते त्याचा आवाज शिकून घेतं. मग माणूस नुसता टाइप करेल आणि यंत्र त्याच्याच आवाजात बोलेल. "म्हणजे तिचा आवाज जाणारच नाही, मॅडम. जीभ जाईल. आवाज आपण आधीच काढून ठेवू." त्यांनी मला काम दिलं. तीनशे वाक्यं मी लिहून द्यायची, मराठीतले सगळे उच्चार आले पाहिजेत.

मी ती वाक्यं लिहिली. तीन संध्याकाळी बसून, मन लावून, आणि खरं सांगायचं तर मिरवत. 'क्षितिजावर ढगांची झालर दिसू लागली.' 'ऋतू बदलताच वृक्षांना नवी पालवी फुटते.' 'विद्वानांच्या सभेत अज्ञानी माणसाने मौन पाळावे.' क्ष होता, ज्ञ होता, ळ जागोजाग होता. 'चहा ठेवू का?' हे वाक्य त्यात नव्हतं. 'जेवी ल्या' नव्हतं. कुणाला हाक नव्हती. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईला हे सुचलं नाही, आणि मी हे कुणालाही कधी माफ केलं नसतं.

वहिनी सातवी शिकलेल्या. कागद हातात घेऊन त्यांनी पहिलं वाक्य मनात वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "मॅडम, असं कोन बोलस?" मी हसले. खरंच हसले.

एप्रिल लागला होता. धुळ्याचा एप्रिल. बापूंनी आतल्या खोलीच्या भिंतींना गोधड्या ठोकल्या, खिडकीला गादी लावली. पंखा बंद, कारण तो घरघरतो. फ्रीज बंद, कारण भिंतीपलीकडून त्याची गुणगुण येते. त्यात दोनदा दूध नासलं. कूलरचं तर नावच नको. त्या भट्टीत वहिनी माइकसमोर बसायच्या, पदरानं कपाळ टिपत. पदराचाही आवाज यायचा, म्हणून पदरानं टिपायला बंदी. बापू त्यांच्याकडे पाठ करून बसायचे, कारण कॉम्प्युटर त्या बाजूला होता. पडद्यावर आवाजाची लाट उठायची, तिच्याकडे डोळे बारीक करून पाहायचे आणि तेवढा वेळ वहिनींशीही प्रमाण मराठीत बोलायचे. "थांब. कुत्रं भुंकलं. परत." "थांब. भंगारवाला." "थांब. तू 'शे' म्हणालीस. 'आहे' लिहिलंय."

"मी काय रेडिओ शे का?" वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या. ते वाक्यही रेकॉर्ड झालं होतं. बापूंनी ते पुसलं. ते सगळंच पुसायचे. दिवसभरात पंचवीस वाक्यं व्हायची आणि संध्याकाळी हेडफोन लावून ऐकताना बापूंना प्रत्येकात काहीतरी सापडायचं. मी म्हटलं, राहू द्या की, असू द्या थोडा आवाज. ते म्हणाले, "नाही मॅडम. आज घाण ठेवली की उद्या तीच वापराविशी वाटते. हिचं काम फर्स्टक्लास झालं पाहिजे."

मेमध्ये त्यांच्या लक्षात आलं की दोष माइकचा आहे. पुण्याहून नवा मागवला. त्यात बारीक फुसफुस होती, ती त्यांच्याशिवाय कुणाला ऐकू आली नाही. परत पाठवला. दुसरा यायला तीन आठवडे. तोवर लग्नसराई, गल्लीत रोज डीजे. मग दुसरा माइक आला, पण त्याला जे यंत्र जोडायचं ते कॉम्प्युटर ओळखेना. त्यासाठी कॉम्प्युटर सगळा पुसून नव्यानं लावला. त्यात पंधरा दिवस. वहिनींचं बोलणं एव्हाना जाड झालं होतं, तोंडात काही धरून बोलल्यासारखं. 'र' गेला. मग 'ळ' गेला. बापू म्हणायचे, "आता ती दमलेली आहे, आत्ता केलं तर दमलेला आवाज येईल. जरा उन्हाळा सरू द्या."

मला तेव्हा ते हट्टी वाटायचे. आता वाटतं, जोवर तयारी संपत नव्हती तोवर तिचा आवाज जाणारही नव्हता, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं असावं. सगळ्या जगाला समजावून सांगणारा माणूस होता तो. त्याला समजावून सांगणारं कुणी नव्हतं, आणि मी होते तर मी वाक्यं लिहीत बसले.

श्रावणात कानबाई आली, आमची खानदेशची देवी. आमच्या कॉलनीत कानबाई बसते ती बापूंच्याच घरी. वहिनींचा मान. सोमवारी सकाळी कानबाईला निरोप द्यायला सगळ्या बायका जमल्या, नैवेद्याचे रोट झाले होते, डफ वाजत होता, आणि वहिनींनी गाणं धरलं. दरवर्षी त्याच धरायच्या. त्या वर्षी शब्द कळत नव्हते. शब्द सगळे वितळून गेले होते, पण आवाज तोच, रुंद, फाटका, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. बायका मागून शब्द म्हणत होत्या आणि त्या पुढून नुसता आवाज देत होत्या. बायकांचे डोळे पाण्यानं भरले. मी मोबाइल काढला.

बापूंनी माझा हात खाली केला. "मॅडम, मोबाइलचा माइक? आणि त्यात हा डफ? नको. खराब रेकॉर्डिंग असण्यापेक्षा नसलेलं बरं. आता तिसरा माइक येतोय गुरुवारी, मी तिला हेच गाणं शांतपणे बसवून म्हणायला लावतो."

मी मोबाइल पिशवीत टाकला. मी ऐकलं त्यांचं. मी एरवी त्यांचं एक ऐकत नसे.

गुरुवारी माइक आला नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी आला. मग त्याचा स्टँड. अखेर घटस्थापनेच्या सुमारास एका दुपारी बापूंनी मला बोलावलं, साक्षीदार म्हणून. खोली खरोखरच अशी शांत झाली होती की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावरची लाट सरळ रेघ होऊन पडली होती. त्यांना असा शुद्ध शांतपणा आयुष्यात मिळाला नव्हता. ते वहिनींकडे वळले, पहिल्यांदाच पडद्याकडे पाठ करून, आणि त्यांच्या बोलीत म्हणाले, "बठ्ठं तयार शे. बोल आते."

वहिनींनी कागद धरला. तोंड उघडलं. जो आवाज आला तो वाक्याचा नव्हता, शब्दाचाही नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग कागद मांडीवर ठेवला, नवऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं, उठल्या आणि पंखा लावला.

गोधड्यांच्या कडा वाऱ्यानं हलायला लागल्या.

त्यानंतर त्यांनी टॅबलेटमध्ये एक तयार आवाज टाकून दिला. कुठल्याशा बाईचा, स्वच्छ, बँकेच्या रांगेत टोकन नंबर पुकारतात तसा. वहिनी अक्षरं दाबायच्या आणि ती बाई म्हणायची, "चहा तयार आहे." दोन दिवस वहिनींनी ते केलं, बापूंचं मन राखायला. तिसऱ्या दिवशी टॅबलेट कपाटात, साड्यांखाली ठेवून दिला आणि टाळी वाजवून बोलवायला लागल्या.

दिवाळीनंतर बापू दारोदार फिरले. हातात पेनड्राइव्ह आणि फोनला जोडायची वायर. प्रत्येक घरी एकच प्रश्न: हिचा एखादा बोललेला निरोप आहे का फोनमध्ये? कसलाही. भाजी आणा, डबा परत द्या, काहीही. खराब असला तरी चालेल, हे ते प्रत्येक ठिकाणी सांगत होते. खराब असला तरी चालेल. वहिनी मुळात फोनवर कमीच बोलायच्या, गच्चीवरून हाक मारणारी बाई ती. आणि ज्यांच्या फोनमध्ये काही असतं त्यांचे फोन महिन्याच्या महिन्याला साफ होत होते. बापूंनीच करून दिलेली सोय. माझ्या फोनमध्ये ते स्वतः बराच वेळ शोधत होते. मग त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "छान ठेवलाय फोन, मॅडम."

आता आशा राहिली होती ती वर्षाच्या लग्नाच्या व्हिडिओवर. तीन तासांचं शूटिंग, त्यात वहिनी सतत बोलताना दिसतात. हळदीत, जेवणावळीत, पाठवणीत. पण लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं मूळ आवाज काढून सगळीकडे सिनेमाची गाणी भरलेली. तशीच पद्धत आहे सगळीकडे. वहिनी लेकीला कवटाळून काहीतरी सांगताहेत, ओठ हलताहेत, आणि वर सनई आणि कोरस. बापूंनी व्हिडिओवाल्याला शोधून काढलं. त्यानं धंदा कधीच बंद केला होता. कॅसेटी पांझरेच्या पुरात गेल्या, म्हणाला.

वर्षालाही विचारलं. ती जळगावहून फोनवर म्हणाली, "बापू, आई माझ्याशी रोज बोलायची. मला काय माहीत जपून ठेवायचं असतं."

पौषात वहिनी गेल्या. शेवटचे दोन महिने सांगत नाही. ते दिवस त्यांचे होते आणि ते वाईट होते. शेवटी त्यांना काहीतरी सांगायचं होतं, असं बापू म्हणतात. हाताला धरून त्या बराच वेळ प्रयत्न करत होत्या. पाटी दिली तर लिहिलं नाही.

बापूंनी धुळ्याचं घर भाड्यानं दिलं आणि वर्षाकडे जळगावला गेले. माइक, मिक्सर, सगळं त्यांनी एका भजनी मंडळाला देऊन टाकलं, वायरींसकट. फक्त कॉम्प्युटर आणि हेडफोन नेले.

परवा मी एका लग्नाला जळगावला गेले होते तेव्हा त्यांना भेटून आले. वर्षाचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खाली रिक्षास्टँड, समोर बांधकाम, दिवसभर कटर चालू. बापू गॅलरीत कॉम्प्युटर मांडून बसले होते. आणखी वाळले आहेत. मी सवयीनं विचारून बसले, "कसे आहात बापू?" आणि मनाची तयारी केली. ते म्हणाले, "बरा." एवढंच.

मग त्यांनी मला खुर्ची दिली. सांगायला लागले. पुसलेल्या फायली परत आणणारी सॉफ्टवेअर्स असतात, ती त्यांनी सगळी वापरून पाहिली होती. एप्रिलपासूनची सगळी वाक्यं त्यांनी पुसली होती, पण त्याच डिस्कवर पुन्हा पुन्हा नवं भरलं होतं. त्यात कॉम्प्युटर नव्यानं लावलेला. एकाच जागी पुन्हा लिहिलं की खालचं जातं, मॅडम. वर्षभर खटपट करून एक तुकडा निघाला. नऊ सेकंदांचा. एप्रिलमधला. जीभ चांगली होती तेव्हाचा.

"सापडला?" मी जवळजवळ ओरडले.

त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला, दोन्ही हातांनी, नीट बसवून. आणि तुकडा लावला.

आधी शांतता. मग श्वास. कुणीतरी बोलायच्या आधी घेतं तसा, खोल. मग वहिनी. "ऋतू बद—" एवढंच, आणि मला गच्चीवरची हाक आठवली. आणि लगेच जवळून, मोठ्यानं, बापू: "थांब, थांब. पदर वाजला. किती वेळा सांगू? परत घे पहिल्यापासून." तुकडा संपला.

"नीट ऐकलं का?" बापू म्हणाले. "मी बोलतोय तेव्हा ती गप्प नाहीये. काहीतरी म्हणतेय. माझ्या आवाजाखाली. तिकडची लाट बघा, दिसते." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "एक वाक्य आहे पुरतं. अहिराणीत असणार, मला सांगितलं असणार काहीतरी. माझा आवाज वरून काढता आला तर. सगळं करून बघितलं, दोन्ही एकत्र जातात." समोर कटर किंचाळत होता, त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या ओळखीत कुणी आहे का हो? माझा आवाज काढून देणारं?"

तीस वर्षं जगाला सॉफ्टवेअर सांगणारा माणूस मला, मराठीच्या बाईला, हे विचारत होता. मी म्हटलं, परत लावा, मी ऐकते. मी अहिराणी ऐकत मोठी झाले आहे, मला कळेल. त्यांनी लावलं. मी डोळे मिटले. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, कळलं का, कळलं का, असे.

मी तीनदा ऐकलं. मला फक्त बापूच ऐकू आले.